टाळ्या नकोत, वही तपासा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त भांडणाचं आहे हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांना सकाळी सकाळी भांडण नको असेल त्यांनी चहा घ्यावा आणि संध्याकाळी वाचावं.

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. एका माणसाने जुन्या छोट्या मोटारीची बोट केली आहे. ती उतारावरून तळ्यात शिरते, नाक खाली घालते, पुन्हा वर येते आणि तरंगते. काठावर पोरं ओरडताहेत. खाली लिहिलेलं, 'गावाकडचा रँचो'. पाच मिनिटांत टाळ्यांच्या हातांची रांग लागली. मग माझ्या पुतण्याने (तो इंजिनिअर आहे आणि ते तो विसरू देत नाही) लिहिलं, 'रिकामटेकडे उद्योग'. त्यालाही तीन अंगठे मिळाले.

मला राग टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला आणि पुतण्याचाही आला. ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना, म्हणून इथे लिहिते आहे. घरचे लोक हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे निरोप पोचेलच!

मी मराठीची शिक्षिका. बी.ए., बी.एड., तेही मराठी माध्यमातून. यंत्रातलं मला कळत नाही असंच मी म्हणत आले. पण गेलं वर्षभर मी अशीच एक गाडी जवळून पाहते आहे, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडायचं नाही. पन्नाशी ओलांडली आहे, इथे नाशिकमध्येच त्याचं गॅरेज आहे. आठवीत मी त्याला मराठी शिकवलं, आणि शास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा शास्त्रही शिकवलं. मागच्या पावसाळ्यात रिक्षातून येताना त्याच्या गॅरेजपाशी पावसाने अडकले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "बाई, एक गंमत दाखवू?"

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली मारुती ८०० उभी होती. नोंदणी रद्द झालेली, भंगारात निघालेली. खालून पूर्ण पत्र्याची पेटी वेल्ड केलेली, दारांच्या फटी रबर आणि सीलंटने बुजवलेल्या, मागे डिकीत स्कूटरचं इंजिन, आणि त्याला जोडलेला बाहेर डोकावणारा पंखा. मी विचारलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "पाण्यात चालेल, बाई."

"कशाला?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "बघायचंय."

नाशिकच्या माणसाला पाण्यात चालणारी गाडी कशाला हवी, असं कुणी विचारेल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे आणि नाशिककर पूर तिच्यावर मोजतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, अशा भाषेत बातमी फिरते. २ ऑगस्ट २०१६ ला आणि पुन्हा ४ ऑगस्ट २०१९ ला मोठे पूर आले, तेव्हा गोदाघाटापासून सराफ बाजारापर्यंत पाणी शिरलं होतं. त्या दिवसांत त्याने पाण्यावर तरंगत जाणाऱ्या मोटारी पाहिल्या. रिकाम्या, कशाही वळणाऱ्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं की मोटार मुळात तरंगतेच, तिला फक्त सरळ तरंगायला शिकवायला हवं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर माझ्यावर पाप येईल. ही गाडी पुरात घालायची नाही. तो स्वतःही तसं म्हणत नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी उचलून नेऊ शकतं, आणि ते मोटार तरंगते म्हणूनच. पुरात जाणाऱ्याला बुद्धी कमी असते, शौर्य नव्हे. असो.

आता त्याने जे केलं त्याला पुतण्या 'उद्योग' म्हणतो, म्हणून हिशोब मांडते. शास्त्राच्या बाई नसताना शिकवलेला आर्किमिडीज मला अजून आठवतो. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो. दोन माणसं बसली तर ८०० धरा. ती तरंगायची तर तिने ८०० लिटर पाणी बाजूला सारायला हवं. गाडी साधारण ३.३ मीटर लांब, १.४ मीटर रुंद, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या थोडी वर. तळ सपाट पेटीसारखा असता तर ती जेमतेम १७-१८ सेंटिमीटर बुडाली असती. पण तळ सपाट नाही. चाकांच्या कमानीत पाणीच असतं, इंजिनची जागा खालून उघडी असते, त्यात वेल्ड केलेल्या पत्र्याचं वजन वाढतं. म्हणून ती बरीच खोल बसते, आणि पाणी दाराच्या उंबऱ्याच्या वर येतं. तिथून पुढे सगळा खेळ रबराचा.

शिवाय या गाडीचं इंजिन पुढे, आणि फिरतात तीही पुढचीच चाकं. म्हणजे नाक जड. जर्मनीत १९६१ पासून काही वर्षं 'अँफिकार' नावाची पाण्यात चालणारी मोटार कारखान्यात बनत होती. तिचं इंजिन मागे होतं, मागे दोन पंखे होते, आणि पाण्यात सुकाणूचं काम पुढची चाकंच करायची. रस्त्यावर ताशी सव्वाशेच्या आत आणि पाण्यात बारा-तेराच्या आसपास. तशा चार हजारांपेक्षाही कमी गाड्या झाल्या आणि धंदा बसला. बेन कार्लिन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने तर लष्करी 'पाणजीप' घेऊन अटलांटिक ओलांडला, वाटेत आपल्या कलकत्त्यालाही येऊन गेला आणि १९५८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. गाडीचं नाव त्याने ठेवलं होतं 'हाफ-सेफ', म्हणजे अर्धी सुरक्षित. नावातला प्रामाणिकपणा मला फार आवडला!

हे सगळं मला माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं. इंग्रजी त्याला वाचायला जड जातं, पण मोबाइलवर चित्रं बघून, आकडे उतरवून, त्याने एक शंभर पानी वही भरली होती. वही पाहून मला शिक्षकाला होतो तो आनंद झाला. आणि मग भीती वाटली, कारण शंभर पानांत लाल शाईची एक खूण नव्हती. ती वही त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलीच नव्हती.

माझं भांडण इथून सुरू होतं.

आपल्याकडे घरी गाडी, विमान, काहीही बनवणाऱ्या माणसाच्या वाट्याला तीनच गोष्टी येतात. टाळी, टिंगल किंवा दंड. तपासणी कुणी करत नाही.

टाळीचं उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून एक छोटी चारचाकी बनवली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास आल्याचं छापून आलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही म्हणून अधिकारी कधी ना कधी ती थांबवतील असं म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. चांगलंच झालं. एका कारागिराच्या घरी बोलेरो आली याचा मला मनापासून आनंद आहे, आणि देणाऱ्याने दानत दाखवली यातही शंका नाही. पण मी तेव्हाच्या बातम्या हौसेने वाचल्या होत्या. प्रत्येक बातमीत बोलेरो होती. त्या छोट्या गाडीचे ब्रेक कसे होते, तिचं वळण कसं होतं, कुठे चुकलं आणि कुठे कारखान्यालाही शिकण्यासारखं आहे, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं. बक्षीस मिळालं, गुण कुणी छापले नाहीत. नव्वद गुणांचा पेपर आहे की चाळीस, हे पुढच्या कारागिराला कसं कळायचं?

आता दुसरं उदाहरण. हे लिहिताना हात जड होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचं काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. त्याने घरीच हेलिकॉप्टर बनवलं. इंजिन मारुती ८०० चंच. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, त्यामुळे वरच्या पात्याचा तोल गेला आणि ते त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. त्याच्या मृत्यूचा व्हिडिओही लोकांनी एकमेकांना पाठवला. खाली तेच शब्द होते, 'रँचो' आणि 'रिकामटेकडे उद्योग'. पंखा काल तुटायचा थांबला होता आणि आज तुटला, एवढंच. फिरत्या पात्यांजवळ माणूस नको, पहिल्या चाचणीला आत कुणी बसू नये, धातूच्या सांध्याला ताण किती, हे सांगणारा एक जाणता माणूस त्याला वेळेवर भेटला असता तर? मी डॉक्टर नाही की न्यायाधीश नाही, पण चोवीस वर्षांच्या मुलाची वही कुणी तपासायला हवी होती, एवढं मला कळतं.

तिसरी गोष्ट दंडाची. उत्तर प्रदेशात आंबेडकरनगरला मार्च २०२४ मध्ये दोन भावांनी वॅगन-आरला पातं आणि शेपूट लावून हेलिकॉप्टरसारखी दिसणारी गाडी केली. ती उडणार नव्हती, लग्नात भाड्याने द्यायची होती. रंग लावायला नेताना पोलिसांनी जप्त केली. कायदा पोलिसांच्या बाजूचा आहे हे कबूल करायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या विद्यार्थ्याने मारुतीत किती बदल केले ते मोजायला बसलो तेव्हा आम्ही दोघेही हसलो. त्याची गाडी नोंदणीतून निघालेली आहे आणि रस्त्यावर येत नाही, म्हणून निभावलं.

मी कायद्याच्या विरुद्ध नाही. रस्ता माझ्या विद्यार्थ्याचा एकट्याचा नाही. त्याच रस्त्यावरून माझी नात सायकलने क्लासला जाते. कुणीही काहीही वेल्ड करून तिच्या मागून यावं, हे मला चालणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की जो कायदा 'नाही' म्हणतो त्याने 'मग कुठे जाऊ?' या प्रश्नाचंही उत्तर द्यावं.

गंमत अशी की उत्तराची सुरुवात त्याच दुरुस्तीत आहे. २०१९ मध्येच त्या कायद्यात '२ ब' हे कलम आलं. वाहनांच्या क्षेत्रात नवं संशोधन व्हावं म्हणून केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट देऊ शकतं, असं ते सांगतं. दार ठेवलेलं आहे. पण ते दिल्लीत आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याचं गॅरेज नाशकात. तपासणाऱ्या मोठ्या संस्थांना आपल्या महाराष्ट्रात तोटा नाही. पुण्यात ए.आर.ए.आय. आहे. नगरला (आता अहिल्यानगर) संरक्षण खात्याची व्ही.आर.डी.ई. आहे. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारं आठ चाकांचं चिलखती वाहन याच व्ही.आर.डी.ई.ने टाटांच्या बरोबरीने तयार केलं. म्हणजे पाण्यात गाडी कशी उतरवावी हे जाणणारी माणसं नाशिकपासून काही तासांवर बसलेली आहेत. पण त्या संस्था कारखान्यांसाठी आणि सैन्यासाठी आहेत. एक गॅरेजवाला वही घेऊन तिथे गेला तर पहारेकरी त्याला काय सांगेल, हे मला लिहायला नको.

आम्ही इथेच प्रयत्न केला. एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेत त्याला घेऊन मी स्वतः गेले. नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी चहा दिला, मला वाकून नमस्कार केला, वही उघडलीसुद्धा नाही आणि म्हणाले, "बाई, आम्ही तपासली आणि उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येईल." एका कार्यालयात एकाने त्याला विचारलं, "तरंगली तर पुढे काय, मुंबईला समुद्रातून जाणार का?" आणि आजूबाजूचे हसले. तोही हसला, पण रिक्षात बसल्यावर गंगापूर रोड संपेपर्यंत बोलला नाही.

जबाबदारीची भीती मला समजते. पण न तपासल्याने जबाबदारी टळते का? तो गाडी पाण्यात घालणारच होता. कुणी तपासली नाही तर न तपासलेली घातली असती.

पुतण्याचा मुद्दा मला माहीत आहे, म्हणून त्याच्या आधी मीच मांडते. तो म्हणेल, काकू, अशा गाड्या परवाना घेऊन चालवल्या तरी बुडतात. खरं आहे. अमेरिकेत १९ जुलै २०१८ ला मिसुरीतल्या ब्रॅन्सनजवळच्या तलावात पर्यटकांची 'डक बोट' वादळात बुडाली आणि १७ माणसं गेली. त्याआधी १९९९ मध्ये आर्कान्सासच्या लेक हॅमिल्टनमध्ये अशीच एक बुडाली आणि १३ गेली. या दुसऱ्या अपघाताची चौकशी झाली तेव्हा निघालं काय? चाकांकडे जाणारा दांडा जिथून बाहेर पडतो तिथल्या रबरी बुटाची पट्टी सुटली होती. तिथून पाणी आत आलं. आणि वरच्या छतामुळे माणसांना बाहेर पडता आलं नाही. एक पट्टी आणि एक छत! पण यावरून पुतण्या म्हणतो 'म्हणून बनवू नका', आणि मी म्हणते 'म्हणून तपासा'. तो अपघात तपासला गेला म्हणून तर ही पट्टी आज मला, नाशिकच्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेला, माहीत आहे. फुलसावंगीच्या मुलाच्या यंत्राचं असं काही शिक्षण पुढच्या मुलापर्यंत पोचलं का?

आणि ही पट्टी आमच्या कशी उपयोगी पडली ते सांगते.

आमच्या कॉलनीत ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वय माझ्याएवढंच, स्वभाव तिखट. मी त्यांच्या बायकोच्या मागे लागले, बायको त्यांच्या मागे लागली. शेवटी एका शनिवारी ते गॅरेजमध्ये आले. दोन तास काही बोलले नाहीत. चारही बाजूंनी वाकून पाहिलं, वही वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. मग चार प्रश्न विचारले. गाडी उलटली तर आतला माणूस बाहेर कसा येणार? पाणी शिरलं तर तिला तरंगत काय ठेवणार? पहिल्यांदा आत कोण बसणार? आणि हा दांडा पत्र्यातून बाहेर येतो तिथे काय लावलंयस?

पहिल्या दोन्ही प्रश्नांना माझ्या विद्यार्थ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्याला होतं, पण ते "मी" असं होतं, आणि ते उत्तर चुकीचं होतं.

महिनाभर पुन्हा काम झालं. काचा आणि छत काढून टाकलं. मागच्या सीटखाली, दारांच्या आत, पुढे जिथे जागा मिळेल तिथे थर्माकोलचे ठोकळे पट्ट्यांनी बांधले. (एक घनमीटर थर्माकोल जवळजवळ हजार किलो वजन पाण्यावर धरून ठेवतो, हे मला नव्याने कळलं.) नाक हलकं व्हावं म्हणून बॅटरी आणि स्टेपनी मागे नेली. आणि पहिल्या चाचणीला माणसांऐवजी वाळूची पोती ठेवायची असं ठरलं. ओझरचे गृहस्थ म्हणाले, "पोत्यांना पोहता येत नाही, पण त्यांच्या घरी कुणी वाट बघत नाही."

निफाडकडे त्याच्या मेव्हण्याचं शेततळं आहे, कागद न घातलेलं. कागद घातलेल्या तळ्यात पाय घसरला की माणूस वर येत नाही, आणि चाकांनी कागदही फाटला असता. एका बाजूला जेसीबीने उतार करून घेतला. गाडीला मागून जाड दोर, दोराचं टोक ट्रॅक्टरला. दोन पोहणारे लाइफ जॅकेट घालून काठावर. मी बाभळीच्या सावलीत खुर्चीवर.

गाडी पाण्यात गेली. तरंगली. खोटं कशाला सांगू, मीही टाळ्या वाजवल्या.

मग अकराव्या मिनिटाला नाक खाली जायला लागलं. डाव्या चाकाचा दांडा जिथे पत्र्यातून बाहेर येतो, तिथून पाणी येत होतं. तीच जागा! लेक हॅमिल्टनची. पुढचा भाग बॉनेटपर्यंत बुडाला आणि तिथेच थांबला, थर्माकोलने धरून ठेवला. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढली. पोती भिजली. बाकी काही झालं नाही. ओझरच्या गृहस्थांनी वहीत तारीख घातली, वेळ लिहिली आणि खाली लाल शाईने लिहिलं, "डावा सील. पुन्हा करा."

'पुन्हा करा' हे दोन शब्द मी नोकरीत हजारो वह्यांवर लिहिले असतील. त्यांचा अर्थ त्या दिवशी मला नीट कळला. त्यात नापास नाही आणि शाबासकीही नाही. मी पाहिलं आहे, आणि पुढच्या वेळीही पाहीन, असा त्याचा अर्थ आहे.

आता माझं मागणं. फार मोठं नाही. प्रत्येक जिल्ह्यात आयटीआय आहे, बहुतेक ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. महिन्यातून एक दिवस तिथे घरी यंत्र बनवणाऱ्यांची वही तपासली जावी. परवाना देऊ नका, रस्त्यावर आणायची परवानगी देऊ नका. फक्त पाहा, धोका कुठे आहे ते लिहून द्या, आणि 'पुन्हा करा' किंवा 'आता थांबा' एवढं सांगा. सांगणाऱ्यावर जबाबदारीचा बडगा येणार नाही अशी दोन ओळींची तरतूद सरकारने करावी. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच मोटारसुद्धा रीतसर तपासून घेता येते आणि पास झाली तर रस्त्यावर आणता येते. आपण तितकं लगेच नको, पण पहिली पायरी तरी बांधू. शाळांतून २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. छान आहे. पण जो बारावीपर्यंत पोचलाच नाही, आणि आता पन्नाशीचा आहे, त्याची लॅब कुठली? बिहारमधल्या चंपारणच्या मोहम्मद सैदुल्लांनी १९७५ च्या पुरानंतर पाण्यावर चालणारी सायकल बनवली आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा सन्मान केला तो २००५ मध्ये. सन्मान झाला हे चांगलंच. पण मधली तीस वर्षं? कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बनवणाऱ्या अमोल यादवांचं विमान २०१६ च्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, आणि नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. तो तर स्वतः वैमानिक, नेट लावून बसणारा माणूस. गॅरेजवाल्याने काय करावं?

आता शेवटची गोष्ट. ती माझ्याविरुद्ध आहे, म्हणून आतापर्यंत टाळत होते.

शेततळ्यावरून परतताना तो गाडी चालवत होता (साधी, रस्त्यावरची), मी शेजारी. एकदम म्हणाला, "बाई, आठवीतलं प्रदर्शन आठवतं?" मला आठवत होतं. त्याने पत्र्याची बोट केली होती, आत मेणबत्ती, नळीतून वाफेचे झटके, आणि बोट फटफट करत घमेल्यात फिरायची. मी टाळ्या वाजवल्या होत्या, त्याला पहिलं बक्षीस दिलं होतं, मुख्याध्यापकांना बोलावून दाखवलं होतं.

"दुपारी ती बुडाली," तो म्हणाला. "तुम्ही सगळे फोटोला गेला होतात. मी विचारायला आलो होतो, बाई, का बुडाली. तुम्ही म्हणालात, अरे, बक्षीस तर मिळालं ना!"

मला हे आठवत नाही. पण मी तसं म्हणाले असणार. माझ्याच आवाजातलं वाक्य आहे ते.

"मग कशाने बुडाली होती?" मी विचारलं.

"नळी जिथून बाहेर काढली होती तिथून पाणी आलं," तो म्हणाला. "सील."

तेव्हा पुतण्या, तुला सांगते, हा रिकामटेकडा उद्योग नाही. एका आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाचं जवळजवळ चाळीस वर्षं राहून गेलेलं उत्तर आहे. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्यात मी पहिली आहे, म्हणून तुम्हाला बोलायचा मला अधिकार आहे.

दुसरी चाचणी डावा सील बदलून झाला की ठेवायची आहे, बहुधा दिवाळीनंतर. ओझरच्या गृहस्थांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, त्यांना वाकून बघायला जमणार नाही. नाशिकच्या आसपासच्या वाचकांपैकी कुणाला पाण्याचं, बोटींचं, वेल्डिंगचं कळत असेल आणि एक शनिवार मोकळा असेल तर कळवा. जेवणाची सोय माझ्याकडे. लाल पेनही माझ्याकडे आहेत, अजून बरेच उरलेत.

पुतण्या, तूही ये. तू इंजिनिअर आहेस ना?